कोशात नसलेले शब्द

तिला कचेरीत सगळे कोशकाकू म्हणत. वयानं ती काही एवढी काकू नव्हती, पण शब्दांचा कोश सांभाळायचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीला ती चिडायची. मग फोन उचलताना स्वतःच 'कोशकाकू बोलतेय' असं म्हणायला लागली, तेव्हा चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

तिचं काम समजावून सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यातच सांगितलेलं बरं. शहरभर छोटे छोटे कारखाने होते. कुणी खुर्च्या करायचं, कुणी गाद्या, कुणी दिवे, कुणी कपाटांच्या मुठी. ही सगळी मंडळी एकमेकांना आणि दुकानदारांना मागण्या, पोचपावत्या, माल परत केल्याच्या चिठ्ठ्या संगणकावरून पाठवायची. अडचण अशी, की एकाच वस्तूला प्रत्येकाचं नाव निराळं. खुर्चीवाला ज्याला टेकण म्हणे त्याला दुकानदार पाठ म्हणे, आणि गोदामवाला नुसतंच 'ते मागचं'. यंत्राला यातलं काय कळणार, कपाळ. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की एका वस्तूला एकच नाव आणि त्या नावाचा एका ओळीत अर्थ. तो हा कोश.

शिवाय प्रत्येक कागदाला वरून एक पाकीट असायचं. खरं म्हणजे कागदही नव्हता आणि पाकीटही नव्हतं, सगळं पडद्यावरच. पण बोलायला तेच शब्द बरे पडत. आत काय आहे, कुणी पाठवलं, कुणासाठी, लिहिणारं कोण, हे पाकिटावर. यंत्र आधी पाकीट वाचायचं, मग आतले शब्द कोशाशी ताडून बघायचं. सगळं जुळलं की कागद मुकाट पुढं जायचा, कुणी बघायचंही नाही. एक जरी शब्द कोशात नसला, तर अख्खा कागद परत. असे परत आलेले कागद तिच्या पडद्यावर एका कप्प्यात येऊन पडायचे, आणि त्या कप्प्याला सगळे परतीचा ट्रे म्हणत.

सकाळी चहाचा कप घेऊन ती तो ट्रे उघडायची. हा तिचा दिवसातला आवडता वेळ. खुर्चीवाल्यानं एकदा माल परत घेण्याचं कारण म्हणून 'कुरकुर' असं लिहिलं होतं. तिनं फोन करून विचारलं, कुरकुर कुणाची, गिऱ्हाइकाची की खुर्चीची? तो म्हणाला, ताई, आधी खुर्चीची आणि मग तिच्यामुळं गिऱ्हाइकाची. ती पोटभर हसली आणि कोशात शब्द घातला. कुरकुर: वजन पडल्यावर लाकडाच्या सांध्यातून येणारा आवाज. त्या दिवसापासून तो शब्द सगळ्यांचा झाला.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई फार पूर्वी गेली होती. बाबा शिंपी होते आणि बोलके इतके, की कपडे शिवायला आलेलं माणूस आपलं निम्मं आयुष्य सांगून आणि बाबांचं निम्मं ऐकूनच दुकानाबाहेर पडायचं. कोशाचं काम मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. रोज रात्री जेवताना ते विचारायचे, आज काय नवीन शब्द? आणि तिनं सांगितलेला प्रत्येक अर्थ त्यांना अपुरा वाटायचा.

कोश सुरू करण्याआधी सगळी घडी तपासायला खोटी गिऱ्हाइकं तयार करावी लागली होती. नियम असा होता, की नाव-पत्ता मनानं रचायचा. हिला आला कंटाळा. तिनं आपल्याच घराचा पत्ता टाकला आणि वापरणारे म्हणून बाबांना घातलं. मग कित्येक दिवस बाबांच्या नावानं उशा, दिवे, मुठी, काय वाटेल ते मागवून झालं. ती घरी येऊन सांगायची, बाबा, आज तुम्ही गाडीभर उशा मागवल्यात. ते म्हणायचे, ठेवायच्या कुठं? आधी तुझा पसारा आवर.

कोश खरोखरीचा सुरू झाला त्याच आठवड्यात बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, कळतं त्यांना, पण शब्द सापडत नाहीत. घशातून एक लांबलचक हाक तेवढी यायची, तिचा अर्थ काहीही असू शकायचा. त्या गडबडीतून ती कचेरीत परतली तेव्हा बाकीच्यांनी आपापली खोटी गिऱ्हाइकं पुसून टाकली होती. तिनं आपलं उघडलं. पुसायच्या बटणाच्या वरच 'वापरणारे: बाबा' असं लिहिलेलं होतं. तिचा हात धजावला नाही. तिनं ते गिऱ्हाईक नुसतं बंद केलं, पुसलं नाही. असं करायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तो कठोर वाटेल. दुसऱ्या शहरात त्याचा संसार होता, तरी तो दर थोड्या दिवसांनी यायचा आणि येताना पिशव्या भरून आणायचा. पण बाबांच्या खोलीत तो फार वेळ थांबू शकत नसे. दुपार झाली की बाबा ओरडायला लागत, तासन् तास, आणि दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी हवालदिल होत. दादाचं म्हणणं एकच होतं. बाबांना आता काही कळत नाही, ते आपल्याला ओळखत नाहीत, आणि तू मात्र झिजतेयस. त्यानं एक चांगलं शुश्रूषागृह बघून ठेवलं होतं, बागबीग असलेलं. तिथं जागा रिकामी व्हायची तेवढीच वाट होती.

ती म्हणायची, त्यांना कळतं. दादा म्हणायचा, दाखव. आणि दाखवण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. बाबा या घरात राहणार की नाही, ते एवढ्यावर येऊन अडलं होतं.

अशात एका सकाळी ट्रेमध्ये एक कागद आला.

वस्तू: पडदा. जागा: पलंगाच्या डावीकडची खिडकी. वापरणारे: बाबा. कारण: डोळ्यात जातं.

परत येण्याचं कारण सरळ होतं. 'डोळ्यात जातं' असा शब्द कोशात नव्हता. तिनं पाकीट बघितलं. पाठवणारं तिचंच ते बंद केलेलं खोटं गिऱ्हाईक. आणि लिहिणाऱ्याची जागा रिकामी. आता ही जागा रिकामी राहूच शकत नव्हती. ती माणसानं भरायची नव्हतीच मुळी. कागद ज्याच्या हातून सुटेल त्याचं नाव यंत्र आपण होऊन तिथं घालायचं.

पलीकडच्या टेबलावर बसणारी तिची शेजारीण थट्टेखोर होती. कोशकाकू हे नावही तिचंच. तिलाच संगणकाजवळ बोलावून ती म्हणाली, हे असलं मला नाही हं आवडत. शेजारणीनं कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला. तुमच्या बाबांवरून मी थट्टा करेन का, असं ती अगदी हळू आवाजात म्हणाली. दोघींनी मिळून यंत्राच्या नोंदी उलटसुलट बघितल्या. कागद आला होता एवढं खरं. कुठून सुटला ते कुठंच नव्हतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती पहिल्यांदा पलंगाच्या डाव्या खिडकीपाशी गेली. पडदा होता तिथं, पण आखूड. बाबांना उठता येत होतं तेव्हा तो कुणाला खुपला नव्हता. तिनं पलंगावर बाबांच्या शेजारी उशीला डोकं टेकून बघितलं. समोरच्या इमारतीच्या काचेवरून दुपारचं ऊन उलटून नेमकं इथं येत असणार, हे तिला तिथं पडल्यावर कळलं. तिनं एक जाड चादर काढली आणि खिडकीला टाचून टाकली. बाबा तिच्याकडे बघत होते. नेहमीसारखेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. मावशी म्हणाल्या, काही नाही, सांगायला फोन केला, आज ओरडले नाहीत, झोपलेत गाढ.

ती कचेरीच्या मोरीत जाऊन दार लावून रडली. इतके महिने तो माणूस नुसतं 'डोळ्यात जातं' एवढंच सांगत होता, आणि आपण त्याला झोपेची गोळी द्यावी का म्हणून डॉक्टरांना विचारत होतो.

मग कागद येतच राहिले. रोज नाही, पण आठवड्यात एखाद-दुसरा. त्यात मागणीसारखं सगळं जिथल्या तिथं असायचं, आणि एक शब्द असा असायचा जो कोशात नसे. म्हणूनच तो परत यायचा, आणि म्हणूनच तो तिला दिसायचा.

वस्तू: रेडिओ. करायचं काय: बंद. कारण: कंटाळा. सोबत होईल म्हणून ती दिवसभर रेडिओ लावून जायची, मोठ्या प्रेमानं. तिनं तो बंद केला आणि रस्त्याकडची दुसरी खिडकी उघडली, तर बाबा रस्त्यावरच्या माणसांचे कपडे बघत तासभर खूश. वस्तू: पेला. कारण: हात उचलत नाही. तिनं जड पेला काढून हलका दिला. एकदा तर वस्तूच्या जागी पलीकडच्या इमारतीतल्या सद्गृहस्थांचं वर्णन होतं, जे रोज येऊन बाबांशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठमोठ्यानं बोलत. करायचं काय: परत पाठवणे. कारण: चीड. हे वाचून तिला हसू आवरेना. तिनं त्यांना दारातूनच गोड बोलून कटवलं आणि आत येऊन बाबांना म्हणाली, "तुमचा माल परत केला." बाबांच्या चेहऱ्याची चालणारी अर्धी बाजू हलली. ते हसू होतं, यावर ती पैज लावायला तयार होती.

पण कामाची सवय ती सवय. शब्द परत आला की त्याचा निकाल लावायचा, एक तर काढून टाकायचा किंवा अर्थासकट आत घ्यायचा. बाबांचे शब्द काढून टाकणं तिला जमेना. ती ते कोशात घालत गेली. डोळ्यात जातं: उजेडाची तिरीप थेट नजरेवर येणे. कंटाळा: वस्तू चांगली असूनही नको होणे. हात उचलत नाही. चीड. सांभाळणारा: वस्तू पोचल्यावर तिची जबाबदारी घेणारं माणूस. आणि गंमत बघा, कारखानेवाल्यांनी ते शब्द उचलले. दिवेवाल्याकडे 'डोळ्यात जातं' म्हणून अर्धा माल परत आला आणि त्यानं काच बदलली. मुठींच्या कारखान्याला कुठल्याशा दुकानानं 'कंटाळा' असं कारण देऊन मुठी परत केल्या. मालकानं फोन करून तिच्यावर तोंडसुख घेतलं, आणि शेवटी म्हणाला की खरंय, त्या मुठींचा मलाही कंटाळाच आला होता.

बाबा परत बोलायला लागले होते आणि सगळं शहर त्यांचे शब्द वापरत होतं. ती फार सुखात होती त्या दिवसांत. कागद येतात कुठून, हा प्रश्न तिनं सोडून दिला होता असं नाही. तिनं कचेरीतलं यंत्र उघडायची आपली गुप्त खूण बदलून घेतली आणि ती शेजारणीकडे ठेवली, स्वतःला कळणार नाही अशी. तरी कागद आला. लागून सुट्ट्या होत्या तेव्हा यंत्रच बंद होतं. सुट्टीनंतर उघडलं तर कागद आत. एकदा तिनं बाबांच्या पलंगावर बसून सरळ विचारलं.

"बाबा, तुम्हीच का?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. तिनं वळून बघितलं. मागं भिंत होती.

नंतर एका सकाळी आलं: वस्तू: कोरडी चादर. कारण: सांडलं. तिनं लगेच घरी फोन लावला. मावशी म्हणाल्या, कुठं काय, सगळं कोरडं आहे. तरी संध्याकाळी तिनं चादर काढून ठेवली. जेवण भरवताना वाटी सुटली आणि सगळं पातळ पलंगभर झालं. बाबांनी धक्का दिला नव्हता. तिच्याच हातातून सुटली होती. चादर बदलताना तिला काही बरं वाटेना, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

दादा आला तो शुश्रूषागृहात जागा झाल्याची बातमी घेऊनच. दुसऱ्याच दिवशी दुपारी न्यायचं होतं. तिनं त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. कागदांच्या छापील प्रती दाखवल्या. दादानं एकेक कागद नीट वाचला, हसला नाही की रागावला नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, हे तूच लिहितेस," तो म्हणाला. "तुला कळत नाही, पण तूच लिहितेस."

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून ते फार लागलं. तिनं विचारलं, आणि मला माहीत नसलेली गोष्ट आली तर? दादा म्हणाला, ठीक आहे. मी बाबांना एक प्रश्न विचारतो, तुला ऐकू येणार नाही असा. उद्या तुझ्या त्या ट्रेमध्ये त्याचं उत्तर आलं, तर बाबा इथंच राहतील आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आलं, तर तू अडवायचं नाहीस. ती कबूल झाली. दुसरं करणार काय.

ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. दारातून तिला दादाची पाठ दिसत होती. तो बाबांच्या कानाशी वाकला होता, लहानपणी वाकायचा तसाच. बोलून झाल्यावरही तो बराच वेळ उठला नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचली. चहाही घेतला नाही. ट्रे उघडला.

ट्रे रिकामा होता.

बाबांचा कागद नव्हता, आणि दुसऱ्याही कुणाचा नव्हता. असं कधी झालं नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. शेजारीण आली आणि काही न विचारता तिच्यापाशी खुर्ची ओढून बसली. दोघी त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिल्या.

"काकू, तुम्हीच तर सगळे शब्द आत घेतलेत," शेजारीण शेवटी म्हणाली. "आता परत यायला उरलंय काय?"

तिला ते ऐकू आलं, पण तिच्या डोक्यात शिरलं नाही. दुपारपर्यंत ती बसून राहिली आणि मग उठून घरी गेली.

दादानं बाबांची पिशवी भरली होती. सदरे नीट घडी घातलेले, वर दाढीचं सामान. बाबांना त्यानं स्वतः आंघोळ घातली होती, भांग पाडला होता. तिला बघून त्यानं मान वर केली.

"आलं काही?"

"नाही."

दादानं मान फिरवली. जिंकल्याचा आनंद त्याला झालेला नव्हता, उलट त्यालाच काहीतरी हवं होतं आणि ते आलं नव्हतं असं त्याच्याकडे बघून वाटलं. तिनं पिशवीची चेन लावायला घेतली. ती अर्ध्यात अडकली.

तेवढ्यात खाली गाडी थांबली.

दारात एक ठेंगणा माणूस उभा होता, मागं एक हमाल आणि दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. ताई, ओळखलंत का, असं तो म्हणाला आणि आवाजावरून तिनं ओळखलं. इतके महिने फोनवर बोलून खुर्चीवाल्याला ती पहिल्यांदाच बघत होती. तुमच्या घरची मागणी म्हटल्यावर मी स्वतःच आलो, तो सांगत होता. पोतं सोडता सोडता त्याची बडबड चालू होती, की काय सुरेख मागणी लिहिलीय, एक शब्द कुठं अडला नाही, काल रात्री सरळ आमच्यापर्यंत आली, सांगाडा तयारच होता म्हणून जमलं.

खुर्ची सुंदर होती. उजवीकडचा हात उंच आणि रुंद, मऊ कापड लावलेला, त्यात एखादा हात नुसता ठेवून देता येईल असा. डावीकडं बोटांशी येईल अशी छोटी घंटी.

"बाबांना छान होईल," ती म्हणाली. उत्तर आलं होतं. अडलं नव्हतं म्हणून तिला दिसलं नव्हतं, एवढंच.

"बाबांना कशी होईल?" खुर्चीवाला म्हणाला. "माप तर बाईमाणसाचं आहे."

दादानं त्याच्या हातातली छापील मागणी घेतली.

वाचून झाल्यावर त्यानं तो कागद तिच्यापुढं धरला.

वस्तू: खुर्ची. जागा: पलंगाच्या डावीकडची खिडकी. वापरणारी: मुलगी. कारण: उजवा हात उचलत नाही. सांभाळणारा: मुलगा.

खाली, नेहमी रिकाम्या असणाऱ्या जागी: लिहिणारे: बाबा.

दादा पलंगाच्या कडेवर बसला.

"काय विचारलं होतंस तू?" तिनं विचारलं.

"मी म्हटलं, बाबा, मी तुमच्यासाठी काय करू?"

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते, असं ती म्हणाली. वापरणाऱ्याच्या जागी चुकून दुसरं माणूस पडलंय, असं होतं कधीकधी, त्यात एवढं काय. तिनं आपला उजवा हात वर केला, मूठ उघडली, मिटली, सगळ्यांना दाखवली. हात छान उचलत होता. तिनं खुर्चीत बसूनही बघितलं. बेतून शिवल्यासारखी बसली.

दादा उठला. पिशवीची अडकलेली चेन त्यानं ओढून उघडली आणि बाबांचे सदरे एकेक करून कपाटात परत ठेवले. कुणी कुठं जाणार नाही, असं तो म्हणाला. मग घरी फोन लावून वहिनीला सांगितलं, की मी काही दिवस इथंच राहतो, किती दिवस ते माहीत नाही.

खुर्चीवाल्यानं पोचपावती पुढं केली. तिनं उजव्या हातानं सही केली. चांगली आली, नेहमीसारखी. तो सही बघून खूश झाला आणि तारखेची जागा आपणच भरायला लागला. मग थांबला, मागणीवरची तारीख बघितली आणि ओशाळून हसला.

"आम्हीच लवकर आलो, ताई. परवा द्यायची होती. आज या बाजूला यायचं होतं, म्हटलं देऊन टाकू."

ती अजून त्याच खुर्चीत होती, पलंगाला लागून. बाबांनी आपल्या चालणाऱ्या हातानं तिचा उजवा हात उचलून घेतला होता आणि ते तो चोळत होते, हळूहळू, बोटांपासून मनगटापर्यंत, गार पडलेला हात चोळतात तसा. तिचा हात तर चांगला गरम होता.